परदेशात कार्ड घासले की कोण किती कापते?

पंतोजी_वाई

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट अशी बारा दिवसांची सहल कोणत्याही प्रवासी कंपनीच्या मदतीवाचून केली. सहलीबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती घरी आल्यावर पंधरवड्याने हाती पडलेल्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटबद्दल. परकीय चलनातील प्रत्येक खर्चाखाली ‘मार्कअप’ या नावाने एक लहानशी रक्कम लावलेली होती आणि तिच्याही खाली त्या मार्कअपवरचा जीएसटी. ट्रामचे तिकीट, कॉफी, संग्रहालयाचे प्रवेशशुल्क, यांतले काहीही सुटलेले नव्हते. गणित शिकवण्यात हयात गेल्यामुळे मी वही घेऊन बेरीज केली, तेव्हा १,६४,००० रुपयांच्या खर्चावर ६,७७३ रुपये असे थेंबाथेंबाने गेल्याचे दिसले.

प्रागमधील एक खरेदी मात्र या हिशेबात बसत नव्हती. तेथे आम्ही सहा स्फटिकाचे पेले ५,२०० कोरुनांना घेतले. दुकानदाराने यंत्र माझ्यापुढे धरण्यापूर्वी स्वतःच एक बटण दाबले. पावतीवर कोरुना आणि रुपये अशा दोन्ही रकमा छापलेल्या होत्या आणि खाली बारीक अक्षरांत, रुपयांत पैसे भरण्याचा पर्याय मी स्वतः निवडला आहे, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य होते. मी काहीही निवडलेले नव्हते. त्या दिवशीच्या दराने २०,०७० रुपये व्हायला हवे होते, तर पावतीवर २१,२७४ होते. त्यावर आमच्या बँकेने एक टक्का आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे आणखी २५१ रुपये लावले. एकूण १,४५५ रुपये जास्तीचे गेले.

माझे दोन प्रश्न आहेत. हे नक्की कोण कापते? आणि पुढच्या वसंतात जपानला जाण्याचा विचार आहे, तर जाताना क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घेतलेले कार्ड) आणि रोख यांपैकी काय न्यावे?

मिरजेची_मिरची

पंतोजी, आपण आयुष्यभर मुलांना सरळव्याज शिकवलेत आणि बँकेने आपल्याला बारा दिवसांत शुल्कावरचा कर शिकवला. मात्र बँकेने निदान ओळ छापून कापले. प्रागच्या दुकानदाराने आपल्याच नावाने संमतीपत्र लिहून कापले, हे कौशल्य आपल्याकडच्या तलाठ्यालाही अजून साधलेले नाही.

हिशेबनीस

मी बँकेच्या कार्ड विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुमची पहिली बेरीज बिनचूक आहे. भारतातील बऱ्याचशा साध्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर परकीय चलनातील खर्चासाठी ३.५ टक्के मार्कअप असतो. १,६४,००० चे साडेतीन टक्के ५,७४० होतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,०३३ रुपये, मिळून ६,७७३. म्हणजे माहितीपत्रकावर साडेतीन टक्के लिहिलेले असले तरी खिशातून ४.१३ टक्के जातात. वरच्या श्रेणीतील कार्डांवर हाच मार्कअप दोन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे करासह २.३६.

आता ही साखळी कशी चालते ते पाहू. तुम्ही व्हिएन्नात युरोंत पैसे दिले की दुकानदाराची बँक ते युरो व्हिसा किंवा मास्टरकार्ड या कार्ड-नेटवर्कांकडे मागते. नेटवर्क त्या दिवसाच्या आपल्या दराने युरोचे रुपये करते आणि तुमच्या बँकेकडून वसूल करते. हा दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो आणि दोन्ही नेटवर्कांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतो. त्यानंतर तुमची बँक त्या रुपयांवर आपला मार्कअप चढवते. जुन्या पेढ्यांवर हुंडी वटवताना सराफ जी हुंडणावळ घेत असे, तिचाच हा आजचा अवतार आहे. फरक इतकाच की सराफाशी घासाघीस करता येत असे.

प्रागमध्ये मात्र चलन बदलले ते दुकानाच्या यंत्रानेच. या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी, म्हणतात. ‘तुमच्या ओळखीच्या चलनात रक्कम पाहा’ असे म्हणून तुमच्या सोयीचा देखावा केला जातो, पण दर त्या सेवेची कंपनी ठरवते आणि त्या दरातील नफ्यात दुकानदार व त्याची बँक वाटेकरी असतात. दुकानदाराने स्वतः बटण का दाबले, याचे उत्तर यातच आहे. रक्कम रुपयांत आली म्हणून तुमच्या बँकेने साडेतीन टक्के लावले नाहीत. पण परदेशी दुकानातील रुपयांतल्या व्यवहारावर अलीकडे अनेक बँका एक टक्का किंवा त्याहून थोडे अधिक घेतात, तेच तुमच्याकडून घेतले गेले.

एक दुरुस्ती सुचवतो. कोरुनांत पैसे दिले असते तरी बँकेने २०,०७० वर ४.१३ टक्क्यांप्रमाणे ८२९ रुपये घेतलेच असते. त्यामुळे त्या बटणाने झालेले निव्वळ नुकसान १,४५५ नसून ६२६ रुपये आहे.

व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही नियमांनुसार चलन निवडण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. न विचारता रुपये लावले असतील तर त्याच जागी व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करायला सांगता येते. तेथे जमले नाही तर पावती जपून ठेवावी आणि परतल्यावर बँकेकडे लेखी तक्रार करावी.

पंतोजी_वाई

हिशेबनीस, आपली दुरुस्ती गणिताच्या दृष्टीने मान्य आहे. घरात मात्र अजून १,४५५ हाच आकडा चालतो.

शेंगदाणा

आता मार्कअप अजिबात नसलेली कार्डेही मिळतात, हे सरांना कोणीतरी सांगायला हवे. मी हे लिहीत असताना फेडरल बँकेचे स्कॅपिया आणि आयडीएफसी फर्स्ट बँकेचे वॉव ही त्यांतली परिचित नावे आहेत. यांतले वॉव मुदत ठेवीवर मिळते, त्यामुळे निवृत्त माणसाला पगाराची पावती दाखवण्याची अडचण येत नाही. मी गेल्या वर्षी व्हिएतनामला असे एक कार्ड वापरले आणि स्टेटमेंटवरचा आकडा नेटवर्कच्या दराशी रुपयापर्यंत जुळला. मात्र अटी बदलत राहतात, म्हणून जाण्याच्या आधी बँकेच्या संकेतस्थळावरील शुल्कपत्रक स्वतः वाचावे.

तर्ककर्कश

शून्य मार्कअप या शब्दांवर मंडळी फारच भाळतात असे माझे मत आहे. समजा एका कार्डावर करासह २.३६ टक्के जातात, पण परदेशी खर्चावर जे बक्षीस-गुण (रिवॉर्ड पॉइंट) मिळतात ते विमानाच्या तिकिटासाठी वापरले तर तीन टक्क्यांहून अधिक परत येतात. दुसऱ्यावर मार्कअप शून्य आणि गुणही जवळपास शून्य. अशा वेळी पहिले कार्ड स्वस्त पडते. शिवाय विमानतळावरच्या लाउंजमधले जेवण वेगळेच.

शेंगदाणा

तर्ककर्कश, त्या कार्डाची वार्षिक फी तुम्ही हिशेबात धरलेली नाही. वर्षातून एकदा दोन लाख खर्च करणाऱ्या दांपत्याने दहा-बारा हजारांची फी भरून साडेचार हजारांचा मार्कअप वाचवावा, हे गणित सरांनी दहावीच्या वर्गात नापास केले असते. लाउंजमधल्या उपम्यासाठी इतका खटाटोप करण्याची माझी तयारी नाही.

तर्ककर्कश

महिन्यातून दोनदा परदेशी जाणाऱ्यांसाठी मी लिहिले होते. पंतोजींच्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर आहे, हे मान्य करतो. लाउंजमध्ये उपमा नव्हे, इडली असते.

म्यूनिकवासी

युरोपात राहणाऱ्याचा अनुभव जोडतो. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या नियमामुळे, डीसीसीचा पर्याय देताना युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त घेत आहोत हे यंत्राने सांगणे बंधनकारक झाले. त्यामुळे माझे आईवडील येथे आले असता एटीएमच्या पडद्यावर तो टक्का मी त्यांना दाखवू शकलो. पडदा मोठा धूर्तपणे रचलेला असतो. रुपयांतील रक्कम मोठ्या अक्षरांत, तिच्याशेजारी हिरवे बटण, आणि नकाराच्या बटणावर ‘कन्व्हर्जनशिवाय पुढे जा’ असे काहीतरी लिहिलेले, तेही लाल किंवा राखाडी. बाबांना वाटले की लाल दाबले की पैसेच येणार नाहीत. प्रत्यक्षात ते दाबले की पैसे येतात आणि ते स्वस्त पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, जर्मनीत केवळ कार्डाच्या भरवशावर फिरू नये. मोठ्या दुकानांत काही अडचण येत नाही, पण अनेक बेकऱ्या, लहान खाणावळी आणि आठवडी बाजार येथे एक तर रोख चालते किंवा फक्त गिरोकार्ड, म्हणजे येथील बँकांचे डेबिट कार्ड. भारतातून आलेल्या एका पाहुण्यांकडे चार क्रेडिट कार्डे होती आणि ब्रेझेलचे पैसे मी दिले.

सांजवात

म्यूनिकवासी यांनी वर्णन केलेला पडदा मला थायलंडमध्ये दोनदा भेटला. पहिल्यांदा यंत्राने विचारले की २२० बाट शुल्क मान्य आहे का. तेथे परदेशी कार्डांवर एटीएमची अशी फी सर्रास लागते, म्हणून मी ‘हो’ म्हटले. लगेच पुढच्या पडद्यावर रुपयांतला दर आला. एकदा ‘हो’ म्हटल्यामुळे बोट सवयीने पुन्हा तेथेच गेले आणि मी हजारभर रुपयांना मुकले. पहिला ‘हो’ टाळता येत नाही आणि दुसरा टाळायचाच असतो, हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या वेळी मी नकार दिला, पैसे तसेच आले.

शिवाय आमच्या बँकेने प्रत्येक वेळी परदेशी एटीएमची १२५ रुपये फी, तिच्यावरचा जीएसटी आणि वर मार्कअप लावला तो वेगळाच. मी रोज थोडे थोडे काढत होते. लहानपणापासून सगळे पैसे एकत्र बाळगू नयेत असे ऐकत आल्यामुळे हे शहाणपण मला चांगलेच महागात पडले.

हिशेबनीस

सांजवातताई, आपण निदान डेबिट कार्ड वापरलेत. परदेशात क्रेडिट कार्डाने रोख काढू नये, हे मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो. त्यावर रोख उचलीचे शुल्क लागते, ते बहुधा अडीच टक्के आणि किमान काहीशे रुपये असते. त्यावर मार्कअप येतो, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला लागू नसते.

सासवडकर_जुने

या सगळ्यांत सरकारचा वाटा विसरू नका. २०२३ पासून परदेशात कार्ड घासले की वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा कर, कापला जातो, असे माझ्या साडूंनी सांगितले आहे. त्यामुळे आम्ही दुबईचा बेतच रद्द केला.

तर्ककर्कश

साडूंच्या सांगण्यावरून दुबई रद्द करणे हे वीस टक्क्यांपेक्षा मोठे नुकसान आहे.

हिशेबनीस

सासवडकर, हा गैरसमज पसरण्याला कारण आहे, म्हणून क्रमाने सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता वा खर्चता येते. डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड आणि विकत घेतलेले परकीय चलन या मर्यादेत मोजले जाते. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च त्यात धरला जात नसे. १६ मे २०२३ च्या अधिसूचनेने तोही आत घेतला गेला आणि त्याच सुमारास वीस टक्के टीसीएसची घोषणा झालेली असल्यामुळे देशभर ओरड झाली. २८ जून २०२३ रोजी अर्थ मंत्रालयाने क्रेडिट कार्डाचा तो बदल पुढे ढकलला. साडूंनी पहिली बातमी वाचली आणि दुसरी वाचली नाही.

डेबिट आणि फॉरेक्स कार्डांवरही टीसीएस पहिल्या रुपयापासून लागत नाही. वर्षाची मर्यादा आधी सात लाख होती, ती एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली. वीस टक्के हे त्यावरच्या रकमेवर. प्रवासी कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्याचा नियम वेगळा आहे, तो कंपनीकडून समजून घ्यावा. टीसीएस ही फी नव्हे. विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पैसे तोवर अडकून पडतात, एवढे मात्र खरे.

घारेडोळे

फॉरेक्स कार्डाची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून मी मांडते. माझी मुलगी डब्लिनमध्ये शिकते. जाताना तिच्या कार्डावर युरो भरून दिले, त्यामुळे पुढे रुपया घसरला तरी भरलेल्या युरोंचा भाव ठरलेलाच राहिला. कार्ड हरवले असते तरी घरचे बचत खाते त्याला जोडलेले नव्हते, हा मोठा दिलासा होता. डेबिट कार्डाची मला नेमकी हीच भीती वाटते. घोटाळा झाला तर तो थेट आयुष्याच्या पुंजीवर येतो आणि पैसे परत मिळेपर्यंत आपण बँकेच्या दारात उभे.

उणी बाजूही सांगते. भरताना बँकेने दिलेला युरोचा भाव त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा दीड-दोन टक्के चढा होता. मार्कअप शून्य असल्याचे बँक अभिमानाने सांगत होती, पण तो मार्कअप भावातच मुरलेला होता. मुलगी मैत्रिणींसह लंडनला गेली तेव्हा युरो भरलेल्या कार्डाने पौंडांत पैसे गेले आणि एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचे सुमारे साडेतीन टक्के लागले. आता तिचे डब्लिनमध्ये खाते आहे आणि त्या कार्डावर अकरा युरो पडून आहेत. ते काढून घेण्याचा अर्ज अकरा युरोंपेक्षा लांब आहे.

शेंगदाणा

घारेडोळे यांचे म्हणणे पटते. ‘शून्य कमिशन’ अशी पाटी लावणाऱ्या विमानतळावरच्या चलनविक्रेत्यांचे गुपितही हेच आहे. त्यांच्या फलकावरील खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांतील अंतर पाहिले की शून्याची किंमत कळते.

नाखवा

मी जहाजावर काम करतो, त्यामुळे बंदरोबंदरी कार्ड घासण्याची वेळ येते. दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

पहिली म्हणजे हॉटेल आणि भाड्याची मोटार. तेथे अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेतला तेवढा भाग काही दिवस अडकतो. डेबिट कार्ड दिले तर खरेच आपले पैसे अडकतात. रॉटरडॅमच्या एका हॉटेलात माझ्या मित्राचे तीनशे युरो असे अडकले आणि आमचे जहाज पुढच्या बंदरात पोहोचले तरी ते सुटले नव्हते.

दुसरी म्हणजे परतावा. मी हॅम्बुर्गला एक जॅकेट घेतले आणि माप चुकल्यामुळे दुसऱ्या दिवशी परत केले. दुकानाने युरो पूर्ण परत दिले, पण ते रुपयांत येताना त्या दिवसाच्या दराने आले आणि पहिल्या व्यवहारावरचा मार्कअप बँकेने परत केलाच नाही. वापरलेल्या नव्हे, तर केवळ अंगावर घालून पाहिलेल्या जॅकेटचे मला साडेचारशे रुपये भाडे पडले. बँकेला विचारले तेव्हा शुल्क हे व्यवहाराचे असते, वस्तूचे नव्हे, असे उत्तर मिळाले. तात्त्विक दृष्ट्या ते इतके खोल होते की मला पुढे बोलवेना.

मिरजेची_मिरची

नाखवा, हे उत्तर देणारा गृहस्थ बँकेत वाया जात आहे. त्याला पंढरीला पाठवायला हवे. यूपीआयचे काय झाले? आयफेल टॉवरवर यूपीआय चालते अशी बातमी मी फोटोसह वाचली होती.

म्यूनिकवासी

बातमी खरी आहे. आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी यूपीआयची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि त्याच महिन्यात श्रीलंका व मॉरिशस येथेही. भूतानमध्ये २०२१ मध्येच झाली होती. पण टॉवरवर यूपीआय चालते म्हणून टॉवरखालच्या क्रेपवाल्याकडेही चालेल, असे समजून जाऊ नये.

न्यूजर्सीची_सून

उलट्या दिशेचा अनुभव सांगते. आम्ही दर दोन वर्षांनी भारतात येतो. अमेरिकेतील अनेक कार्डांवर परदेशी व्यवहाराचे तीन टक्के लागतात, पण प्रवासासाठीच्या कित्येक कार्डांवर ते नसतात, आणि आमचे कार्ड तसेच आहे. गेल्या खेपेला गोव्यातील एका हॉटेलात बिल चुकते करताना स्वागतकक्षातील मुलाने फार आदराने विचारले, “मॅडम, डॉलरमध्ये करू ना? तुम्हाला सोयीचे पडेल.” सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे बाळा, आम्ही मूळच्या म्हापशाच्या. आम्हाला रुपये मोजता येतात.” तेव्हा प्रागच्या दुकानदाराला फार दोष देऊ नका, हे यंत्र आपल्याकडेही तितक्याच गोडीने बोलते.

सांजवात

घरी बसूनही हे शुल्क लागू शकते, हे मला अलीकडेच कळले. एका संकेतस्थळाची वर्गणी रुपयांतच लिहिलेली होती, पण ती कंपनी परदेशात नोंदलेली निघाली आणि बँकेने तोच एक टक्का लावला. रक्कम क्षुल्लक होती, म्हणून वाद घातला नाही.

हिशेबनीस

सांजवातताईंचे निरीक्षण बरोबर आहे. चलन रुपयाचे असले तरी व्यापारी परदेशात नोंदलेला असेल तर हा नियम लागतो. यावरून आणखी एक आठवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड मुळात फक्त देशांतर्गत एटीएम आणि दुकानांतील यंत्रांसाठी चालू असते. परदेशी वापर, ऑनलाइन वापर आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देणे, या सोयी ग्राहकाने स्वतः चालू करायच्या असतात आणि प्रत्येकीची मर्यादा ठरवायची असते. पंतोजी, निघण्याच्या आधल्या दिवशी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन हे करावे आणि परतल्यावर न विसरता बंद करावे. परदेशातील पुष्कळ संकेतस्थळे ओटीपी मागत नाहीत. कार्डाचा क्रमांक चोरीस गेला तर परदेशी वापर बंद असणे हेच कुलूप ठरते.

पंतोजी_वाई

सर्वांचे मनापासून आभार. मुदत ठेवीवर मिळणारे शून्य मार्कअपचे एक क्रेडिट कार्ड खरेदीसाठी, आमचे जुने डेबिट कार्ड केवळ रोख काढण्यासाठी आणि पुण्यातून निघतानाच घेतलेले थोडे येन, असे ठरवले आहे. डेबिट कार्डाच्या खात्यात गरजेपुरतेच पैसे ठेवीन, म्हणजे घारेडोळे यांनी सांगितलेली भीती उरणार नाही. परतल्यावर हिशेब येथेच मांडतो.

पंतोजी_वाई

दिल्या शब्दाप्रमाणे पाच महिन्यांनी हा धागा वर आणत आहे. आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोकियो, क्योटो आणि ओसाका करून परतलो.

क्रेडिट कार्डावर २,१०,००० रुपये खर्च झाले आणि त्यावर शुल्क शून्य लागले. तीन नोंदी मी नेटवर्कच्या दराशी ताडून पाहिल्या, त्या जुळल्या. रोख मात्र माझ्या अंदाजापेक्षा जास्त लागली. देवळांची प्रवेशशुल्के, रामेनची लहान दुकाने, आणि रेल्वे-बससाठी घेतलेल्या प्लास्टिकच्या सुइका कार्डात पैसे भरण्याची बहुतेक यंत्रे, यांना सर्वांना नोटाच हव्या होत्या. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांतील एटीएमवर परदेशी कार्ड चालते, म्हणून तेथून तीन वेळा तीस-तीस हजार येन काढले. ते सुमारे ५२,००० रुपये झाले. डेबिट कार्डावर मार्कअप आणि कर मिळून २,१४८ रुपये, एटीएमची फी करासह प्रत्येकी १४७ रुपये ५० पैसे आणि यंत्राचे दर वेळी २२० येन. सगळे मिळून रोखीचा बट्टा सुमारे २,९७० रुपये झाला. सांजवातताईंचा अनुभव वाचूनही मी तीनदा काढले, कारण नव्वद हजारांच्या नोटा एकदम खिशात घेऊन फिरण्याचे धैर्य झाले नाही. तरीही एकूण २,६२,००० वर हे प्रमाण १.१३ टक्के पडते. मागच्या खेपेला ते चार टक्क्यांच्या वर होते.

ओसाकातील एका मोठ्या दुकानात विक्रेतीने यंत्र आमच्यापुढे ठेवले आणि पडद्यावर दोन झेंडे उमटले, डावीकडे आपला तिरंगा आणि उजवीकडे जपानचा. मी चष्मा शोधत असतानाच सौभाग्यवतींनी जपानच्या झेंड्यावर बोट ठेवले. देशप्रेमाचा असा उलटा पुरावा मी प्रथमच पाहिला.

नाखवा

अभिनंदन, सर. उरलेल्या नोटांचे काय केलेत?

पंतोजी_वाई

नोटा उरल्या नाहीत. नाणी १,३४० येनची उरली आहेत आणि चलनविक्रेते नाणी घेत नाहीत.

हिशेबनीस

नियमाप्रमाणे परतल्यापासून १८० दिवसांत उरलेले परकीय चलन परत करायचे असते, पण दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात आणि नाण्यांना तर मर्यादाच नाही. तेव्हा आपण निर्धास्त असावे. पुढच्या वेळी शेवटच्या दिवशी नाणी दुकानातील पैसे घेणाऱ्या यंत्रात खपवावीत.

मिरजेची_मिरची

सर, तो प्रागच्या पेल्यांचा विषय घरात मिटला का?

पंतोजी_वाई

मिटलेला नाही. दिवाळीत त्यांतला एक पेला धुताना फुटला. त्यामुळे १,४५५ रुपयांना पूर्वी सहाने भागत होतो, तेव्हा दर पेल्यामागे २४२ रुपये ५० पैसे येत असत. आता पाचने भागावे लागते आणि २९१ येतात. भागाकार निःशेष जातो, एवढेच समाधान आहे.